जिवतीचा पहाड आणि अंबराचें अत्तर

प्रवासाला निघतांना बरोबर काय काय घ्यावें ह्याची यादी करण्याची मला जुनी खोड आहे. सदतीस वर्षें शाळामास्तरकी केल्यावर माणसाला हजेरी घेतल्याशिवाय चैन पडत नाहीं. मुलांची हजेरी संपली, आतां सामानाची घेतों. गेल्या मार्गशीर्षांत जिवतीला जावयाचें ठरलें तेव्हांही कागदावर ओळीनें लिहिलें : लोकरीची बंडी, कानटोपी, औषधें, संध्येची पळी-पंचपात्री, वाचावयाला एक पोथी. यादींत नसलेली एकच वस्तु ऐन वेळीं खिशांत पडली. ती म्हणजे अंबराच्या अत्तराची करंगळीएवढी शिशी. हा लेख त्या शिशीविषयीं आहे, आणि ती ज्या पहाडावर उघडली त्याविषयींही आहे.

शिशी माझ्या पत्नीची. चार वर्षांपूर्वीं तिला देवाज्ञा झाली. अत्तराच्या बाबतींत ती ऋतूंचे नियम काटेकोर पाळी. चैत्र-वैशाखांत वाळा किंवा मोगरा, आणि दिवाळीनंतर थंडी पडूं लागली कीं अंबर. शालीच्या कांठाला एक थेंब, तेवढेंच. "हें लावावयाचें नव्हे, पांघरावयाचें अत्तर आहे," असें ती म्हणे. तिच्या पश्चात् ती शिशी कपाटांत तशीच राहिली. एक थेंब कमी झाला म्हणजे तेवढी तीही घरांतून कमी होईल, असा कांहींसा वेडा हिशेब माझ्या मनांत होता. त्या दिवशीं पहांटे गळपट्टा शोधतांना ती हातीं लागली. थंडी कडाक्याची होती. बूच काढलें आणि एक थेंब डाव्या मनगटाला लावला.

माजघरांत वहिनी जपमाळ घेऊन बसल्या होत्या. माझे थोरले बंधु जाऊन बावीस वर्षें झालीं. वहिनी आतां ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांना दिसतें कमी, पण नाक अजून तल्लख आहे. मी नमस्काराला वांकलों तोंच त्यांची माळ थांबली.

"भाऊजी, तें अत्तर तुम्ही लावलेंत?"

मीं होय म्हटलें. त्या कांहींच बोलल्या नाहींत. पदर डोळ्यांशीं नेला आणि तोंड भिंतीकडे फिरविलें. माझ्या मनांत चर्र झालें. ज्या घरांत दोन जावा चाळीस वर्षें एका चुलीपाशीं वावरल्या, तेथें एकीची खूण अशी अचानक उघडून मीं दुसरीला दुखविलें, असें वाटलें. पण गाडीची वेळ झाली होती. तसाच निघालों.

नागपूर सोडल्यावर गाडींत बसल्या बसल्या मनगट नाकाशीं नेऊन पाहिलें. प्रथम लवंग आणि वेलदोडा पुढें आले, लग्नांतल्या हौशी पाहुण्यांसारखे. थोड्या वेळानें ते दूर झाले आणि केशर-जायफळाचा जड, संथ वास आला. त्याच्याही खालीं गोडसर, धुरकट, उबदार असें कांहीं होतें. देवघरांत आरती होऊन गेल्यावर मागें रेंगाळतें तसें. हा सारा प्रकार गोड्या मसाल्याच्या डब्याशीं इतका जुळणारा कां, हें कोडें मला पूर्वीं पडत असे. त्याचें उत्तर साधें आहे. अंबराच्या हिंवाळी अत्तरांत कनौजच्या 'शमामा' अत्तराचा भाग असतो, आणि शमाम्याचा एक पाया म्हणजे आपल्या मसाल्यांतलें दगडफूल. जटामांसी, नागरमोथा, कपूरकाचरी, वेलदोडे, लवंग, जायपत्री अशीं द्रव्यें त्यांत टप्प्याटप्प्यानें घालतात. तांब्याच्या देगाखालीं मंद विस्तव असतो. वाफ बांबूच्या नळींतून पाण्यांत बुडविलेल्या भपक्यांत उतरते. भपक्यांत चंदनाचें तेल असतें, तें ती वाफ पिऊन घेतें. एका मसाल्याला भाजून फोडणींत जागा मिळाली आणि त्याच्याच भावंडाला अत्तरदाणींत, एवढाच काय तो फरक.

आतां 'अंबर' ह्या शब्दाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण ह्या एका नांवाखालीं तीन निराळ्या वस्तु नांदतात. पहिलें खरें अंबर समुद्रांतलें. दांतवाल्या प्रचंड देवमाशाच्या आंतड्यांत, त्यानें गिळलेल्या माखल्यांच्या कठीण चोंचींभोवतीं तें जमतें, आणि पुढें वर्षानुवर्षें लाटांवर तरंगून सुगंधी होतें. वर्तमानपत्रांतून त्याला 'माशाची उलटी' म्हणतात. हा प्राणी नांवानें मासा, पण जातीनें सस्तन. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याला आपल्याकडे संरक्षण आहे, आणि त्याच्या अंबराची खरेदीविक्री हा गुन्हा आहे. दुसरें अंबर म्हणजे जुन्या झाडांच्या राळेचा झालेला पिंवळा खडा, आपला तृणमणि. घांसला असतां तो गवताची काडी ओढून घेतो, परंतु अत्तराशीं त्याचा संबंध केवळ इंग्रजी नांवापुरता. तिसरें अंबर गंध्यांचें. तें कोणत्याही एका पदार्थाचें नांव नसून एका मिश्रणाचें आहे. भूमध्य समुद्राभोंवतीं वाढणाऱ्या एका झुडुपाचा चिकट डिंक, लोबान आणि व्हॅनिलासारखा गोडवा, हे त्याचे मुख्य घटक. हा डिंक पूर्वीं चरावयास गेलेल्या बोकडांच्या दाढ्यांतून विंचरून काढीत, असें ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनें लिहून ठेविलें आहे. व्हॅनिलाच्या शेंगेंतील मुख्य सुगंधी द्रव्य १८७४ सालीं जर्मन रसायनज्ञांनीं सूचिपर्णी झाडाच्या रसापासून तयार केलें, आणि तेव्हांपासून हें अंबर स्वस्त होत गेलें. पॅरिसच्या गेर्लां ह्या पेढीनें १९२५ सालीं ह्याच धर्तीवर जें अत्तर काढलें त्याला आपल्या 'शालिमार' बागेचें नांव दिलें. लोबान म्हणजे आपला ऊद. बाळबाळंतिणीच्या धुरींत जो टाकतात तोच. म्हणजे पॅरिसच्या शिशींत काय आणि कनौजच्या शिशींत काय, आपल्या बाळंतिणीच्या खोलीचा अंश असतोच!

गाडी चंद्रपुरास पोंचली तोंपर्यंत मात्र मला कांहींच वास येईनासा झाला. मनगट नाकाला टेकविलें तरी नाहीं. माझें मन खिन्न झालें. शेजारी बसलेल्या गृहस्थांनीं तेवढ्यांत विचारलें, "अत्तर कोणतें हो? फार छान आहे." तेव्हां उलगडा झाला. अत्तर उडालें नव्हतें. माझें नाकच त्याला सरावलें होतें. एकच वास सतत येत राहिला म्हणजे घ्राणेंद्रिय त्याची दखल घेणें सोडून देतें. मग अत्तराची खबर लागते ती शेजाऱ्याला, लावणाराला नव्हे. जिनें तें तीस-पस्तीस हिंवाळे पांघरलें तिला स्वतःला त्याचा वास फारसा येतच नसेल. तो मला येत असे. आणि आतां मीं तें लावलें, तर मला येत नव्हता.

बल्लारपूर सोडून वर्धा नदी ओलांडली कीं राजुरा लागतें, पुढें सिमेंटच्या कारखान्यांचें गडचांदूर, आणि तेथून माणिकगडचा पहाड चढूं लागतो. वळणावळणाच्या रस्त्यानें वर आलें कीं धूळ आणि धुराडीं मागें राहतात, हवा एकदम पातळ व गार होते. ह्याच पहाडावर जिवती हें तालुक्याचें गांव आहे. हा मुलूख पूर्वीं निजामाच्या राज्यांत होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत राजुरा तालुका मुंबई राज्यांत, नांदेड जिल्ह्यांत आला आणि १९५९ सालीं चांदा जिल्ह्यास जोडला गेला. त्याच तालुक्यांतून पुढें जिवतीचा तालुका निराळा झाला. सीमेवरच्या चौदा गांवांवर महाराष्ट्र आणि तेलंगण ह्या दोन्ही राज्यांनीं हक्क सांगितला आहे. जिवतीच्या बाजारांत उभें राहिलें तर एका घटकेंत मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगु आणि बंजाऱ्यांची गोरमाटी अशा पांच भाषा कानांवरून जातात. गोंड आणि कोलाम येथले जुने रहिवासी. मराठवाड्यांतून पोटासाठीं आलेलीं कुटुंबें मागाहूनचीं. माळावर कपाशी फुटलेली, तुरीला शेंगा धरलेल्या, आणि मधून मधून उघड्या खडकाळ उतारावर सालईचीं झाडें. माझा धाकटा पुतण्या येथें शिक्षक आहे. "काका, शहरांतली थंडी निराळी आणि ही निराळी," असें त्यानें पत्रांतून बजावलेंच होतें.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं तो मला जवळच्या एका कोलामगुड्यांत घेऊन गेला. त्याच्या वर्गांतल्या कांहीं मुलांचीं घरें तेथें होतीं. निघतांना मीं पुन्हां एक थेंब मनगटाला लावला होता. अंगणांत शेकोटी पेटविलेली. आम्हां दोघांना खाट टाकून दिली. माणसें भोंवतीं बसलीं. वाऱ्यानें हात गोठले होते, म्हणून मी ते विस्तवापाशीं धरले. थोड्याच वेळानें पलीकडे बसलेल्या एका म्हाताऱ्यानें मान वर केली, इकडेतिकडे पाहिलें आणि विचारलें,

"सालई कोणी टाकली जाळात?"

कोणीच टाकली नव्हती. म्हातारा उठला, वास घेत घेत शेकोटीला वळसा घालून माझ्यापाशीं आला आणि माझ्या मनगटाकडे बोट दाखवून हंसला. "गुरुजी, हे तर तुमच्याजवळून येते." थंडींत दबून बसलेलें अत्तर विस्तवाच्या उबेनें जागें झालें होतें. लवंग-वेलदोड्याचे पाहुणे केव्हांच निघून गेले होते. उरली होती ती तळची राळ. माझ्या घरांत ज्या वासाला एका व्यक्तीचें नांव होतें, त्याला ह्या माणसाच्या मनांत एका झाडाचें नांव होतें.

तें झाड मीं दुसऱ्या दिवशीं त्याच्याबरोबर जाऊन पाहिलें. सालईची साल फिकट आणि पापुद्र्यासारखी सुटणारी. तिला जखम केली कीं पाझर फुटतो व तो वाळून डिंक होतो. अरबस्तानांतला जो ऊंची धूप जगभर प्रसिद्ध आहे त्याचें झाड आणि आपली सालई एकाच कुळांतलीं. संस्कृतांत ती शल्लकी. अमरकोश पाठ करतांना तिचीं नांवें मीं लहानपणीं घोकलीं होतीं : गजभक्ष्या, सुरभी, ह्लादिनी. पुढें मुलांकडूनही घोकून घेतलीं. झाड मात्र वयाच्या पासष्टाव्या वर्षीं पाहिलें, आणि तेंही ज्याला अमरकोशाचें नांव ठाऊक नाहीं अशा माणसानें दाखविलें. मास्तरांनीं असे धडे म्हातारपणींही घ्यावे.

आपल्या पूर्वजांना ह्या शास्त्राचें वेड होतें, हें खरेंच. सहाव्या शतकांतल्या वराहमिहिरानें 'बृहत्संहितें'त गंधयुक्तीवर एक अध्याय लिहिला आहे. सोळा द्रव्यांतून चार चार निवडलीं तर किती निरनिराळे गंध होतील, ह्याचा हिशेबही त्यानें दिला आहे. उत्तर १८२०, पडताळा पाहावयाचा असेल तर घरांतल्या मुलांनीं पाटीवर करून पाहावा. ह्या विद्येला मराठीचेंही अंग आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील पंडित परशुराम कृष्ण गोडे ह्यांनीं १९४५ सालीं 'गंधवाद' नांवाच्या ग्रंथाच्या एका दुर्मिळ हस्तलिखिताची ओळख करून दिली. त्या ग्रंथावर मराठी टीका आहे, आणि गोडे ह्यांनीं तिचा काळ इ. स. १३५० ते १५५० च्या दरम्यान ठरविला. म्हणजे पांच-सहाशें वर्षांपूर्वीं अत्तरें आणि उटणीं कशीं करावीं हें कोणी तरी मराठींत समजावून सांगत होता! पुढें १९८९ सालीं बडोद्यास तो ग्रंथ गंगाधराच्या 'गंधसारा'सह छापला गेला. आणि आपल्या काळांत पाहावें, तर १९२२ सालीं मुंबईंत निघालेल्या एस. एच. केळकर आणि कंपनीनें सुगंधी द्रव्यांच्या धंद्यांत मोठें नांव मिळविलें. हें सारें अभिमानानें सांगण्याजोगें आहे. परंतु त्या शेकोटीपाशीं बसलों असतां मनांत असें आलें, कीं पोथी, पेढी आणि अत्तरदाणी ह्या तिहींच्याही आधीं कोणी तरी उन्हांतून चढ चढून झाडापाशीं गेलेला असतो. त्याच्या मनगटाला अत्तर लावल्याचें माझ्या तरी पाहण्यांत नाहीं.

म्हणून मीं खिशांतून शिशी काढली आणि म्हाताऱ्यापुढें धरली. "हात करा," म्हटलें. तो मागें सरकला.

"आता नको, गुरुजी. रात्री मोहोळ काढायला जायचं आहे. माशीला असा वास चालत नाही. अंगावर येते."

मी थोडा ओशाळलों. आपण देऊं केलेली वस्तु सर्वांना सर्व वेळीं मानवेलच असें नाहीं, हें घरांत कळतें. बाहेर आलें कीं विसरावयास होतें. तो मात्र जरा थांबून म्हणाला, "कापसावर देता? नातीला देतो. ती आश्रमशाळेत राहते. उद्या जाणार आहे. तिकडे रडते."

अंगणांतच कपाशीचीं बोंडें पडलीं होतीं. त्यांतल्या एकाचा कापूस काढून मीं त्याचा फाया केला, दोन थेंब घातले. म्हाताऱ्यानें तो रिकाम्या काड्यापेटींत ठेवला आणि पेटी नातीच्या दप्तरांत टाकली. सात-आठ वर्षांची ती पोर. तिनें पेटी पुन्हां बाहेर काढली, उघडून हुंगली आणि आजोबांकडे पाहून आपल्या भाषेंत कांहीं तरी म्हणाली. पुतण्यानें अर्थ सांगितला : "घरचा वास आहे, म्हणते."

नागपूरच्या महालांतल्या एका कपाटांत चार वर्षें कोंडलेलें अत्तर. त्याला ती पोर स्वतःच्या घराचा वास म्हणत होती, आणि तिचें म्हणणें खोटें नव्हतें. माझ्या वेड्या हिशेबांत दोन थेंब कमी झाले होते. पण कांहीं कमी झाल्यासारखें मला वाटलें नाहीं.

निघण्याच्या दिवशीं म्हाताऱ्यानें पळसाच्या पानांत बांधून सालईच्या डिंकाचा खडा दिला. तो घेऊन घरीं आलों. तिन्हीसांजा झाल्या होत्या. सूनबाईनें धुपाटण्यांत निखारे आणिले, त्यांवर खड्याचा तुकडा टाकला, आणि धूर माजघरांत पसरला. वहिनी बसल्या होत्या तेथेंच मीही खालीं बसलों. "वहिनी," मीं म्हटलें, "त्या दिवशीं मीं विचार न करतां तें अत्तर लावलें. तुम्हांला वाईट वाटलें."

"वाईट कशाला वाटेल?" वहिनी म्हणाल्या. "मला वाटलें, तीच आली."

आणि मग जें त्यांनीं बावीस वर्षें कोणाला सांगितलें नव्हतें तें सांगितलें. आमच्या घरीं संक्रांतीचें हळदीकुंकू मोठें होत असे. बाहेरच्या दिवाणखान्यांत बायका जमत. अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, वाण. बंधु गेल्यावर वहिनी त्या दिवशीं माजघरांतून बाहेर येत नसत. त्यांना कोणी येऊं नका म्हटलें नव्हतें, पण या असेंही कोणी म्हटलें नव्हतें. "सगळ्या गेल्या कीं ती आंत यायची," वहिनी सांगूं लागल्या. "दार लोटायची, माझा हात ओढून घ्यायची आणि मनगटाला तें अत्तर लावायची. मी म्हणायची, अग, मला नको, कोणी पाहील. ती म्हणायची, थंडीचें अत्तर आहे, थंडी काय तुम्हांला वाजत नाहीं? अठरा वर्षें, भाऊजी. एकही संक्रांत चुकली नाहीं. मग ती गेली. चार संक्रांती झाल्या."

मी काय बोलणार? त्या अठराही संक्रांतींना मी घरांतच होतों. गुलाबदाणी भरून देण्याचें काम माझ्याकडेच असे. 'सुवासिनी' ह्या शब्दाची खरी व्युत्पत्ति निराळी आहे, तिचा सुगंधाशीं संबंध जोडूं नये, असें मीं वर्गांत मुलांना अनेकदां बजावलें होतें. परंतु शब्दांत नसलेली ती व्युत्पत्ति माझ्याच घरानें बिनबोभाट आचरणांत आणिली होती : सुवास सुवासिनींनाच. तें माझ्या ध्यानांत आलें नाहीं. जिनें व्याकरणाचें एक पान वाचलें नव्हतें, तिच्या आलें. आणि तिनें तें मलाही सांगितलें नाहीं. मी काय म्हणेन ह्याची तिला खात्री वाटली नसावी, हा विचार मला आजही टोंचतो.

मीं शिशी वहिनींच्या पुढ्यांत ठेवली. त्यांनीं ती चांचपून पाहिली, बूच काढलें, आणि बराच वेळ नुसती हातांत धरून ठेवली. मग सूनबाईला हांक मारून म्हणाल्या, "ये ग, तुझा हात दे आधीं." सूनबाईनें हात दिला, अत्तर लावून घेतलें, आणि तिच्याच बोटानें वहिनींच्या मनगटाला लावलें. सालईच्या धुरांत तें मिसळून गेलें. कोणतें झाडाचें आणि कोणतें शिशींतलें हें मला वेगळें काढतां आलें नाहीं.

पुढच्या महिन्यांत संक्रांत आली. सूनबाईनें ह्या वर्षीं हळदीकुंकवाची बैठक दिवाणखान्यांत न घालतां माजघरांतच घातली. शेजारच्या दोन वृद्ध बायकांनीं प्रथम जरा भुंवया उंचावल्या, पण तिळगूळ घेतांना त्यांनींही हात पुढें केले. अत्तर लावण्याचें काम वहिनींकडे होतें. शिशी आतां कोनाड्यांत, सर्वांच्या हाताला लागेल अशी असते. ती निम्म्याहून अधिक संपली आहे.